जुन्या व्हॅनचं इंजिन आणि आपले हात

मी तुमची सहयोगिनी बोलतेय. रेडिओवरच्या मागच्या गप्पांत आपण गटाच्या मालाला बाजार कसा शोधायचा ते पाहिलं होतं. त्यानंतर पारोळा, शिरपूर, चोपडा अशा बऱ्याच भागांतल्या गटांकडून एकाच धाटणीचे प्रश्न आले. बाजार सापडला, ऑर्डरही मिळाली, पण गाडीचं काय करायचं? गटानं जुनी व्हॅन घेतलीय. ती दर महिन्याला मिस्तरीकडे उभी असते. बिबडे आणि केळीच्या वेफर्समधून जे सुटतं, ते गॅरेजात जातं.

म्हणून आज इंजिनाबद्दल बोलू. व्हॅन चालवायला आपल्यातल्या पुष्कळ जणी शिकल्या, लायसन्सही काढलं. पण इंजिनाचं झाकण उघडलं की चार पावलं मागं सरतात. "ते आपल्याला काय कळतं बाई" असं म्हणतात. चुलीच्या धुराच्या रंगावरून लाकूड ओलं की सुकं ते सांगणारी, शिट्टीच्या आवाजावरून कुकरची रिंग खराब झालीय हे ओळखणारी बाई असं म्हणते, तेव्हा मला ते पटत नाही. पेट्रोलच्या इंजिनात जे चालतं त्यातलं निम्मं आपल्या स्वयंपाकघरात रोज चालतं.

आधी आपली गाडी कोणती ते बघू. आपल्याकडे 'व्हॅन' म्हटलं की बहुतेक वेळा मारुती ओम्नीच असते. मारुती 800 ही गाडी 14 डिसेंबर 1983 ला रस्त्यावर आली आणि पुढच्या वर्षी, 1984 मध्ये, व्हॅन आली. 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं आणि ओम्नीचं 2019 मध्ये. म्हणजे व्हॅन पस्तीस वर्षं बनत राहिली. दोन्ही गाड्यांचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे, 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. फरक एवढाच की 800 चं इंजिन पुढच्या बॉनेटखाली असतं आणि ओम्नीचं पुढच्या सीटखाली. घाट चढताना सीट भाजायला लागते ती त्यामुळेच. इतकी वर्षं एकच इंजिन चालल्यामुळे त्याचे पार्ट जळगाव-धुळ्यातच काय, तालुक्याच्या गावालाही मिळतात आणि ते उघडलेला मिस्तरी कुठेही भेटतो. जुनी गाडी घ्यायचीच तर अशी घ्यावी, असं माझं मत आहे. दिसायला भारी पण पार्टसाठी पुण्या-मुंबईला फोन लावावा लागतो, अशी गाडी गटाच्या कामाची नाही.

या गाड्यांचे दोन प्रकार आहेत. साधारण 2000 सालाच्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत कार्बोरेटर असे, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारं साधं भांडं. त्यानंतर एमपीएफआय आलं. त्यात पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. डॅशबोर्डवर ओढायचं चोकचं बटण असेल तर तुमची गाडी कार्बोरेटरची समजा. त्या गाडीत आपल्याला बरंच काही करता येतं. एमपीएफआयच्या गाडीत वायरी आणि सेन्सरना हात लावू नये. पण पाणी, ऑइल, एअर फिल्टर, बेल्ट आणि बॅटरी यांचं काम दोन्हींत सारखंच आहे.

आता खान्देशातल्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो. इंजिनाला थंड ठेवणारी हवाच तापलेली असते. त्यात गाडी मालानं भरलेली आणि पुढे चाळीसगावहून कन्नडचा घाट. अशा वेळी काटा लाल पट्टीकडे सरकतो. इथेच लोकांकडून मोठं नुकसान होतं, म्हणून यावर जरा थांबून बोलते.

रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण. उघड्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांना उकळतं, पण कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी 100 च्या पुढे जाऊनही उकळत नाही. म्हणून डाळ लवकर शिजते. रेडिएटरचं झाकणही असाच दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी जास्त तापूनही पाण्याच्याच रूपात राहतं आणि फिरत राहतं. त्या झाकणाचं रबर चिरलं तर दाब धरला जात नाही आणि गाडी उगाच उकळते. छोटं, स्वस्त झाकण असतं ते. पण आपण रेडिएटर बदलायला निघतो. आणि शिट्टी चालू असताना कुकर उघडणारी बाई आपल्यात एकही नाही, तसंच तापलेल्या गाडीचं झाकण कोणीही उघडायचं नाही. आतलं पाणी कारंज्यासारखं उडतं आणि तोंड, छाती, हात भाजून निघतात. गाडी सावलीत लावा, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. हात ठेवता येईल एवढं निवल्यावर जाड फडकं घेऊन झाकण हळू फिरवा. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बादली तर मुळीच ओतू नका. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, एकदम थंड झालं तर ते वाकतं किंवा तडकतं. मग खर्च हजारांत जातो.

गाडी का तापली ते शोधायची एक रीत आहे. पहिलं, पाणी कमी आहे का? गळत असेल तर होज पाइपच्या क्लिपजवळ पांढरा-हिरवा डाग दिसतो. दुसरं, पंखा फिरतो का? या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि पाणी तापलं की आपोआप सुरू होतो. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवा. काटा मध्यावर येऊन थोडा पुढे गेला तरी पंखा लागला नाही तर फ्यूज बघा, पंख्याची वायर सैल आहे का बघा. तिसरं, बेल्ट. पाण्याचा पंप आणि डायनामो (खरं तर अल्टरनेटर, पण डायनामोच म्हणतात सगळे) एका बेल्टवर फिरतात. तो अंगठ्यानं दाबून पाहा, फार सैल असेल किंवा आतून चिरा पडल्या असतील तर बदला. चौथं, रेडिएटरची जाळी. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं गाडी नेली की जाळीत रुई भरते, वर धूळ, मग किडे. जाळी मऊ ब्रशनं आणि हलक्या पाण्यानं धुवायची. जोराचा पाइप मारला तर तिचे पातळ पत्रे वाकतात.

आणि पाणी कोणतं भरता? आपल्या बोअरचं पाणी कसं असतं ते पातेल्याच्या बुडाला, बंबाच्या आत दिसतंच. तो पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. म्हणून कूलंट डिस्टिल्ड पाण्यात, म्हणजे बॅटरीच्या पाण्यात, मिसळून भरायचं. अडचणीत रस्त्यावर कुठलंही स्वच्छ पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते काढून टाका.

कार्बोरेटरच्या गाडीचा उन्हाळ्यातला आणखी एक आजार आहे. दुपारी एरंडोलच्या बाजारात गाडी वीस मिनिटं उभी केली. परत आलात तर सेल्फ मारतोय, इंजिन गरगर फिरतंय, पण गाडी घेत नाही. "गाडी बंद पडनी वं माय" म्हणत लोक ढकलायला लागतात. झालेलं असं असतं की इंजिनाच्या उष्णतेनं पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ओढायला जातो, पण हाती वाफ येते. ओम्नीत इंजिन सीटखाली कोंडलेलं असतं, म्हणून तिला हे जास्त होतं. उपाय साधा आहे. सीट उचला, वारा लागू द्या आणि पेट्रोलच्या पंपावर व पाइपावर ओलं फडकं ठेवा. फक्त पंप आणि पाइप, गरम सायलेन्सरवर किंवा इंजिनावर नाही. दहा-पंधरा मिनिटांत वाफ पुन्हा पेट्रोल होते. एवढ्यासाठी कार्बोरेटर बदलायला सांगणारे लोक मी पाहिले आहेत. एमपीएफआयच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो, म्हणून तिला हा त्रास सहसा होत नाही.

गाडी चालूच होत नसेल तर चूल आठवा. चूल पेटायला लाकूड लागतं, काडी लागते, वारा लागतो. इंजिनाला पेट्रोल, ठिणगी आणि हवा. यातलं काय कमी आहे ते शोधायचं.

किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक झालं तर या तिन्हींच्या आधीची गोष्ट बिघडलीय, बॅटरी. ती लगेच बदलायला निघू नका. तिच्या दोन टोकांवर पांढरी-हिरवट पावडर साचली असेल तर वीज पुढे जातच नाही. आधी उण्याची, म्हणजे काळी वायर काढा, मग लाल. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, लावताना आधी लाल आणि शेवटी काळी. वरून थोडं ग्रीस किंवा व्हॅसलीन. यातलं काहीही करण्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी काढा, मंगळसूत्र आत घाला. बॅटरीच्या दोन टोकांना धातू एकदम लागला तर तो क्षणात लाल होतो. पदर खोचून वरून जुना शर्ट घाला, ओढणी काढून ठेवा, वेणी बांधा. बेल्टात पदर गेला तर सोडवायला वेळ मिळत नाही. आणि तो विजेचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू शकतो, बोटं दूर ठेवा.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, किंवा चालताना मिसिंग मारतंय, धक्के देतंय, तर प्लगकडे जायचं. इंजिन गार असतानाच. गरम ॲल्युमिनियममधून प्लग काढला तर आटे उतरतात. तीन प्लग आहेत, त्यांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर गाडी मुळीच चालणार नाही. म्हणून काढण्याआधी तिन्ही वायरींना तीन रंगांचे धागे बांधा. वायर ओढू नका, टोकाचं रबर धरून काढा. मग प्लगचं तोंड बघा. बिस्किटासारखं तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडं काळं काजळ असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी, बहुतेक एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट काळं असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरं फटक असेल तर ते फार तापतंय. प्लगच्या फटीचं माप गाडीच्या पुस्तकात असतं, कार्बोरेटरच्या गाडीला साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर. फिलर गेज नावाच्या पातळ पत्त्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. परत बसवताना आधी हातानं आटे लावायचे, हातानं जाईल तिथपर्यंत, आणि शेवटी पान्यानं थोडंच आवळायचं. आवळण्याची ताकद दाखवायची ही जागा नाही.

एअर फिल्टर काढून झटकायला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडच्या धुळीत तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदलावा लागतो. पावसाळ्यात पाण्यातून गाडी गेल्यावर बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि वायरी कोरड्या फडक्यानं पुसा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं.

आता एक जुनी गोष्ट सांगते, कारण गाड्यांच्या दुरुस्तीचा इतिहासच एका बाईपासून सुरू होतो. जर्मनीत कार्ल बेन्झनं मोटारगाडी बनवली, पण ती कोणी घेईना. ऑगस्ट 1888 मध्ये त्याची बायको बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून माहेरी निघाली, मानहाइमहून फोर्टझ्हाइमला, सुमारे 106 किलोमीटर. तोवर एवढ्या लांब कोणी मोटार नेलीच नव्हती. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या लांब पिनेनं मोकळी केली. उघड्या पडलेल्या वायरीला मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं ते एका औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि पाणी? ते तर ठिकठिकाणी थांबून भरावंच लागत होतं, कारण ते उकळून उडून जाई. म्हणजे गाडी तापण्याचं दुखणं पहिल्या प्रवासापासूनचं आहे.

ऑइलबद्दल थोडक्यात. सपाट जागी गाडी लावा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक काढून पुसा, परत बुडवून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. आठवड्यातून एकदा हे बघायचंच. पाणी कमी झालं तर काटा सांगतो, पण ऑइल संपत आलं तर दिवा लागेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. ऑइल काळं होणं हा दोष नाही, ते मळ धरतंय म्हणूनच काळं होतं. पण ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी ऑइलात शिरलंय. हेडची गॅस्केट गेलेली असू शकते, गाडी तिथेच थांबवा. सायलेन्सरचा धूरही वाचता येतो. काळा असेल तर पेट्रोल जास्त, निळसर असेल तर ऑइल जळतंय, आणि गाडी तापल्यावरही दाट पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा येतो, त्याला घाबरू नका.

जुन्या गाड्यांना अलीकडे एक नवी काळजी आलीय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. 1990 च्या दशकातल्या गाडीचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. महिन्यातून एकदा पेट्रोलचे पाइप बोटांनी चाचपून बघा आणि चिरलेला वाटला तर पाइपाचा तुकडाच बदला, चिकटपट्टी लावू नका. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारायचा नाही.

आता जिथे हात लावायचा नाही त्या जागा. ब्रेक आणि स्टिअरिंग. टायमिंग बेल्ट. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाणं, कितीही घाई असली तरी नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवणं, कारण त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही की वासही येत नाही. आणि गॅस किट. यावर मला स्पष्ट बोलायचंय. पैसे वाचवायला घरच्या सिलिंडरमधून व्हॅनमध्ये गॅस भरतात, आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हे चालतं आणि सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगाव शहरातच ओम्नीत असा घरगुती गॅस भरताना स्फोट झाला. गाडीतून जाणारं कुटुंब भाजलं, त्यातली माणसं दगावली. गटाच्या गाडीत हे कोणी करत असेल तर बैठकीत विषय घ्या आणि ठराव लिहा. किलोमीटरमागे वाचणाऱ्या रुपयाचा हिशोब त्या बैठकीत कोणी मांडला तर मांडू द्या, पण ठराव बदलू नका.

मिस्तरीकडे जावं लागणारच आहे आणि चांगला मिस्तरी जपायचा असतो. फक्त जाताना "गाडी बिघडली भाऊ" एवढंच सांगू नका. "दुपारी उभी राहिली की घेत नाही, पंखा लागतो, पाणी कमी होत नाही, दोन नंबरचा प्लग तेलकट आहे" असं सांगा. बोलणं लगेच बदलतं, मी स्वतः पाहिलंय. जो पार्ट बदलला तो जुना पार्ट परत मागून घ्या. तो आपल्या मालकीचा असतो, आणि चांगल्या मिस्तरीला याचा राग येत नाही. एका गॅरेजवाल्यानं आमच्या गटाला विचारलं होतं, "ताई, जुनं भंगार घेऊन काय करणार?" आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "बैठकीत दाखवणार." पुढच्या बिलात दोन ओळी कमी होत्या.

गटाच्या बचतीच्या वहीसारखी गाडीची एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, पेट्रोल किती, ऑइल कधी बदललं, काय बिघडलं, किती गेले. साध्या ऑइलला साधारण 5,000 किलोमीटर किंवा सहा महिने ही मुदत धरतात, वही नसेल तर ती कोणाच्याच लक्षात राहत नाही. पीयूसी आणि विम्याची तारीख पहिल्याच पानावर लिहा. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. मोटारीसाठी ही फी एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झाली आणि वीस वर्षांच्या पुढच्या गाड्यांना त्याहून जास्त पडते. जुनी व्हॅन घेताना विकणाऱ्यानं सांगितलेल्या किमतीत हा आकडा मिळवूनच बैठकीत ठेवा.

गाडीत एक पिशवी कायमची असू द्या. त्यात प्लग पाना, दोन-चार नंबरचे पाने, पक्कड, पेचकस, चांगला टॉर्च, एक जादा बेल्ट, दोन फ्यूज, होज पाइपची क्लिप, पाच लिटर पाणी आणि दोन जुनी सुती फडकी ठेवा. आपल्या घरात जुन्या सुती साड्यांची कमी नाही. पहिल्यांदा ऑइल बदलताना शेजारी एखादा जाणता माणूस उभा करा, दुसऱ्यांदा तुम्ही करा आणि गटातल्या दोघी बघायला बोलवा. एकीलाच सगळं येत असेल तर ती माहेरी गेली की गाडी पुन्हा गॅरेजात. ज्यांच्या मुलींना यात खरंच गोडी वाटते, त्यांनी आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडची चौकशी करावी, तिथे मुलींनाही प्रवेश आहे.

काढलेलं काळं ऑइल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, पाणी नासतं. जुन्या डब्यात भरून झाकण लावा आणि गॅरेजात द्या, जळकं ऑइल विकत घेणारे तिथे येतात. त्याचे आलेले पैसेही वहीत जमेला लिहा. पुढच्या वेळी टायरबद्दल बोलू.